एकही उत्तर बरोबर नाही

तारनाका, हैदराबाद
शुक्रवार, दुपार

प्रिय दादा,

माझं अक्षर बघून आधी दचकशील आणि भागूला काय झालं म्हणून वहिनीला हाक मारशील. मला काही झालेलं नाही. बीपी आहे तेवढंच आहे, गुडघा होता तसाच आहे, आणि तुझी त्रिवेणी धडधाकट आहे. दोन्ही वेळ पोटभर जेवते, मी नको नको म्हणत असताना भांडी घासते. पत्र लिहायला बसले कारण फोनवर तू बोलू देत नाहीस. फोन दुकानात गल्ल्याजवळ ठेवायचा, स्पीकर लावायचा, शेजारी अंबाजी मोटरीवर हातोडी मारतोय, बाकावर दोन गिऱ्हाइकं चहा पीत बसलीत, आणि त्या सगळ्यांच्या देखत मला विचारायचं की पोरीची तयारी कशी आहे. मी म्हणते चांगली आहे. दुसरं काय म्हणणार? सोमवारी तू परत विचारलंस, या रविवारच्या परीक्षेत तरी पाहिजेत तेवढे मार्क पडतील ना, नाहीतर अमेरिकेचं हे वर्ष गेलं. मी परत तेच म्हणाले. तेव्हापासून ते भातातल्या खड्यासारखं लागतंय. तर त्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं लिहिते. आत घरात जाऊन वाच, आणि वाचून होईपर्यंत कुणावर ओरडू नकोस.

दादा, मी फार दमलेय रे. साठी उलटली तरी रोज सकाळी मेट्रोनं अमीरपेटपर्यंत, तिथं त्या गर्दीत गाडी बदलायची, मग कुकटपल्ली, मग क्लासचे तीन जिने. लिफ्ट आहे, पण ती पालकांसाठी असते की काय कोण जाणे, मी गेले की वरच अडकलेली असते. दिवसभर 'मेडम, मेडम' ऐकून कान किटतात. तुला मी कधी सांगितलंच नाही की मी तिथं नेमकं काय शिकवते. तुला वाटतं इंग्रजी शिकवते. कसलं इंग्रजी! त्या परीक्षेत व्याकरणाचा एक भाग असतो आणि त्यातले दोन धडे माझ्या गळ्यात पडलेत, ते कुणालाच नको असतात म्हणून. एक धडा सर्वनामांचा. समज, वहिनी शेजारणीला म्हणाली की तिची म्हैस आटली. आता म्हैस कुणाची? आपण कधी विचारत नाही, कारण वहिनी ओळखीची, शेजारीण ओळखीची आणि म्हैसही ओळखीची. परीक्षेला म्हैस ओळखीची नसते. 'ती' म्हणजे कोण, 'त्याचा' म्हणजे कुणाचा, हे वाक्यात लख्ख कळलंच पाहिजे. दुसरा धडा, जे शब्द ज्याच्याबद्दल सांगतात ते त्याच्याच शेजारी बसले पाहिजेत, हा. 'बोधनला जाताना वाटेत बाभळी दिसल्या' असं आपण बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत तसंच्या तसं लिहिलं तर बाभळीच बोधनला निघाल्या असं होतं आणि मार्क जातो. हे मी किती वर्षं सांगतेय ते आता मोजत नाही. बाभळींना बोधनला जायचं तर जाऊ द्या, असं हल्ली मनात येतं.

आणि हे प्रश्नही मीच काढते. एक वाक्य, खाली चार पर्याय. त्यातला एक बरोबर. एक बरोबरसारखा दिसणारा, तो घाई करणाऱ्यांसाठी. उरलेले दोन, ज्यांनी अभ्यासच केला नाही त्यांच्यासाठी. पोरांना मी सांगते की वाक्याला काय म्हणायचंय ते वाचत बसू नका, चूक शोधा आणि पुढं सरका. हेच सांगायचा पगार मिळतो. पण हे चार पर्यायांचं लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

परवा अमीरपेटच्या पायऱ्यांवर दम खायला उभी होते, तेव्हा समोरून एक पोरगा ट्रंक घेऊन आला. आता ट्रंक कोण आणतं? पण त्याच्याकडं होती, आणि मला काचीगुडा स्टेशन आठवलं. आप्पा गेल्याच्या पुढल्या वर्षी तू मला कॉलेजात घालायला आणलंस. माझी ट्रंक तुझ्या खांद्यावर, आणि तुझ्या बोटांना वार्निशचा वास, कारण आदल्या दिवसापर्यंत तू दुकानात जळक्या मोटरींना तारच गुंडाळत होतास. तुझा पॉलिटेक्निकचा नंबर लागला होता, दादा. मला चांगलं आठवतं. आप्पांचा दहावा झाला आणि आईनं सगळ्या भावकीदेखत दुकानाची किल्ली तुझ्या हातात ठेवली. तुला कुणी विचारलं नाही. तू किल्ली खिशात घातलीस आणि पाहुण्यांच्या पंगतीत वाढायला गेलास. मग वर्षभरानं काचीगुड्याच्या फलाटावर तू मला म्हणालास, "भागू, आपल्यातल्या एकानं तरी सुटायचं." मी ते विसरलेले नाही. तू दुकानात बसलास म्हणून मी शिकले, नोकरी केली, आज चार माणसं मला मेडम म्हणतात. हे मी तुला तोंडावर कधी बोलले नाही, कारण तू लगेच विषय बदलतोस. आता कागदावर आहे, बदलून दाखव.

तर त्रिवेणी. दसरा झाला आणि तू तिला माझ्याकडं आणून सोडलंस. तेव्हा वहिनी मला बाजूला घेऊन कौतुकानं सांगत होती की आपल्या घरात पोरीला विचारून करतात. अमेरिका, कॅनडा की ऑस्ट्रेलिया, असं तू तिला विचारलंस म्हणे, आणि यातलं काहीच नको असेल तर नांदेडचं स्थळ आहेच. पोरगी म्हणाली अमेरिका. तू गावभर पेढे वाटले. मलाही तेव्हा वाटलं, चला, दादानं पोरीचं मत घेतलं.

ती आली आणि माझ्या घराला जाग आली. मी तिला झाडू हातात घेऊ द्यायची नाही, तरी सकाळी उठून तिनं नळाचा वायसर बदललेला असायचा. मिक्सर कुरकुरायचा तो गप्प झाला. गिझरची वायर तिनं मला रागावून रागावून बदलली, म्हणाली आत्या, तू एवढी शिकलेली आणि उघड्या वायरीखाली आंघोळ करते. बोलणं तर काय विचारू नकोस, एका वाक्यात मराठी, तेलुगू, इंग्रजी आणि मधेच 'नक्को'. मराठी वाचायला दिलं की जोडाक्षरापाशी गाडी थांबते. पण क्लासात बसायला लागली तशी मी बघत होते, बाकावरच्या पोरी तिला शंका विचारायच्या. ती त्यांना हळू आवाजात समजावून सांगायची आणि बरोबर सांगायची. मी मनात म्हटलं, ही आरामात पार करील.

आणि निकाल काय लागला ते तुला माहीत आहे. व्याकरणात तर पार झोपली. तू मला फोनवर जे बोललास ते मी धरून बसले नाही. पण क्लासात सगळ्यांना कळलं. मेडमची भाची, मेडमच्याच धड्यात नापास. कुणी तोंडावर बोललं नाही, पण मी आले की चहाच्या मशीनपाशी शांतता व्हायची. तू दुसऱ्यांदा नाव नोंदवलंस आणि मी हट्टाला पेटले. रोज घरी शिकवणी. ती मुकाट्यानं बसायची, मान हलवायची, आणि मी पुढं काही विचारायच्या आत चहा टाकायला उठायची.

गेल्या पंधरवड्यात मी क्लासात सराव परीक्षा घेतली. फक्त माझे दोन धडे, सर्वनामं आणि ते शेजारी बसण्याचं. पेपर घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर तपासत होते. त्रिवेणीचा आला. पहिलं चूक. दुसरं चूक. पान उलटलं, तिथंही चूक. सबंध पेपरात एकही उत्तर बरोबर नाही. दादा, तुला वाटेल पोरगी ढ निघाली. मी मात्र हातातला पेन खाली ठेवला. कारण डोळे मिटून खुणा केल्या तरी चारातली एखादी लागतेच. आमच्याकडं एक नग आहे, तो काहीही न वाचता सगळीकडं तिसऱ्या पर्यायावर खूण करतो, त्याचीसुद्धा चतकोर उत्तरं बरोबर येतात. एकही उत्तर बरोबर येऊ द्यायचं नाही, तर आधी प्रत्येक बरोबर उत्तर माहीत लागतं. मी पुढं बघितलं. एका प्रश्नात मी सापळा लावला होता, बरोबरसारखा दिसणारा पर्याय, आणि अख्खा वर्ग त्यात पडला होता. हुशार पोरंसुद्धा. त्रिवेणी पडली नव्हती. तिनं तो सोडला, बरोबर तोही सोडला, आणि ज्यावर शाळेतलं पोर खूण करणार नाही अशा पर्यायावर व्यवस्थित खूण केली होती.

हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पेपर काढणाऱ्यालाच कळतं, आणि तिथंच ती सापडली. चार-सहा उत्तरं बरोबर लिहिली असती तर मी जन्मभर तिला कच्ची समजले असते. पण पोरगी तुझी. नापास व्हायचं काम हातात घेतलं तेही अर्धवट करायचं नाही, एकदम पक्कं.

मला पहिली शंका आली ती तुला आत्ता आली असेल तीच. म्हटलं कुणी पोरगा आहे, त्याला सोडून जायचं नाही म्हणून हे चाललंय. मी लक्ष ठेवायला लागले, आपलेच दात आपलेच ओठ, कुणाला विचारणार? दुपारी ती सांगायची, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाते. लायब्ररीतून येणाऱ्या माणसाच्या बोटांना चिरा नसतात. हिच्या बोटांच्या टोकांना बारीक बारीक चिरा, आणि एक दिवस जवळ बसली तर ओढणीला वास. मला तो ओळखायला वेळ लागला नाही. आप्पांच्या सदऱ्याला यायचा, मग तुझ्या शर्टाला यायला लागला, तोच तो वार्निशचा वास. मग एकेक जुळत गेलं. उन्हाळा लागला तशी आमच्या इमारतीची पाण्याची मोटर जळली होती. सेक्रेटरी रोज म्हणायचे मेकॅनिक येतोय, आणि आम्ही वरच्या मजल्यावर बादल्या चढवत होतो. त्रिवेणीनं वॉचमनला बरोबर घेतलं, मोटर खोलून रिक्षात घातली, राणीगंजला नेली आणि परत आणून बसवली. पाणी आलं. सगळी इमारत तिला दुवा देत होती. मला तेव्हा वाटलं, तिथं कुणाकडून गुंडाळून आणली असेल.

पेपर तपासल्यावर चार-पाच दिवसांनी मी क्लासला दांडी मारली, जन्मात पहिल्यांदा असेल, आणि तिला म्हटलं, चल, मलाही तुझी लायब्ररी दाखव. तिनं चपला घातल्या. आणि मला राणीगंजला घेऊन गेली. तू जिथून तांब्याची तार मागवतोस ना, त्याच दुकानात. मागं त्यांचा वाइंडिंगचा कारखाना आहे, तिथं एका स्टुलावर तिची जागा ठरलेली. त्या लोकांना वाटत होतं तूच शिकायला पाठवलीस. तिनं ओढणी कमरेला बांधली, एक जळकी मोटर पुढं ओढली आणि जुनी तार काढायला सुरुवात केली. मी बाजूला खुर्चीवर बसले. दादा, मी आयुष्यभर शिकणारी पोरं बघितली. मन नसताना शिकणारी बघितली, आईबापांसाठी शिकणारी बघितली. अशी मान खाली घालून, ओठ दाबून, मी समोर बसलेय हेही विसरून काम करणारी फार थोडी. म्हातारे सेठ माझ्यासाठी चहा घेऊन आले आणि म्हणाले, "शिवराजभाई की बच्ची है अम्मा, हाथ में सफाई है." ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाला आलं ते मला लगेच कळलं नाही.

परतीच्या वाटेवर मी तिला रागावले नाही. एवढंच विचारलं की बाई गं, हे बापाला सांगायचं सोडून नापास का होतेस. ती म्हणाली, "आत्या, बाबांनी विचारलं त्यात दुकान नव्हतंच. होतं त्यातलं एक सांगितलं." सबंध आयुष्य मी पोरांना चार पर्याय देत आले, आणि बरोबर उत्तर त्या चारांत ठेवायचं असतं हे कधी चुकले नाही. तू घरात पेपर काढलास, दादा, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नांदेड. जे बरोबर होतं ते घालायचं राहून गेलं. आता पोरीनं काय करावं?

मग ती बोलायला लागली ती तारनाक्यापर्यंत थांबली नाही. अंबाजीकाकांना आता बारीक तार दिसत नाही, ते अंदाजानं वेढे देतात आणि मोटर परत येते, हे बाबा बघूनही बघत नाहीत. लोक जळकी मोटर बैलगाडीत, टेंपोत घालून आपल्याकडं आणतात, आपण शेतावर का जात नाही? पाण्यात सोडायच्या मोटरींचं काम सगळं निजामाबादला जातं, ते आपण घ्यायचं. लहानपणी शाळेतून आली की ती आधी दुकानात जायची, तुझ्या पायाशी बसून तारेचे तुकडे जमवायची, ते तुला आठवतं का? तिला आठवतं. तू तिला हाकलायचास, जा, अभ्यास कर, इथं हात काळे करू नकोस. तिचा बेत काय होता ऐक. दोनदा, तीनदा, लागतील तितक्यांदा नापास व्हायचं, म्हणजे बाबा कंटाळतील आणि घरी बोलावून घेतील. तुला समोरासमोर सांगायची तिला हिंमत नाही. तुझ्या रागाला ती भीत नाही, हे मी विचारून घेतलं. तुझा चेहरा पडेल त्याला भिते.

आणि आता माझं ऐक. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, आत्या, या रविवारीही नापास होते, मग बाबा परत नाव घालतील, मी पावसाळ्यापर्यंत तुझ्यापाशीच राहते. दादा, मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? सारंग माझाच मुलगा आणि माझाच विद्यार्थी. माझ्या दोन्ही धड्यांत त्याचा एक मार्क कधी गेला नाही, आणि बघ किती लांब जाऊन बसला. चांगला आहे, रविवारी गाडी चालवता चालवता फोन करतो, आई औषध घेतलंस का म्हणून विचारतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो जावा म्हणून तर मीच त्याला रात्रंदिवस शिकवलं. पण आमचे हे गेल्यापासून या घरात मी फक्त बातम्यांशी बोलत होते. दसऱ्यापासून घरात कुणीतरी माझ्याशी भांडतंय, माझ्या भाजीला नावं ठेवतंय, मी उशिरा आले की खाली रस्त्यावर येऊन उभं राहतंय. ही गेली की मला अवघड जाणार आहे, फार अवघड जाणार आहे.

म्हणून तू जे म्हणणार ते मी आधीच लिहून टाकते. तू म्हणशील, भागू एकटी पडली आणि माझ्या पोरीला फितवायला लागली. ठेवूनच घ्यायची असती तर मी मूग गिळून बसले असते. ती चुकीची उत्तरं लिहीत राहिली असती, तू नाव नोंदवत राहिला असतास, आणि ती माझ्याकडं राहत गेली असती. मला काही करायचीसुद्धा गरज नव्हती.

दुसरं तू म्हणशील, मी या ग्रीसमध्ये हात घातले ते पोरीनं घालू नयेत म्हणून. हे मला माहीत आहे. लोकांचं काय, पोरगी दुकानात बसली म्हणून ते दोन दिवस हसतील आणि मोटर जळली की तुमच्याकडंच येतील, त्यांची फिकीर मी करत नाही. पण तुझं हे म्हणणं खरं आहे. त्या दुकानानं तुझं पॉलिटेक्निक घेतलं, तुझी पाठ घेतली, तुझे कान घेतले. तुला ती कैद वाटली आणि तू शब्द न काढता भोगलीस. म्हणून तू पोरीला तिथून काढायला निघालास. पण दादा, तुझ्या गळ्यात पडलेलं तेच दुकान पोरीला मनापासून हवंय. एकच जागा आहे, तुला सुटायचं होतं आणि तिला यायचंय. यात तुझा अपमान नाही. तू इतकी वर्षं नाइलाजानं जे काम केलंस ते इतकं चांगलं केलंस, की पायाशी बसून बघणाऱ्या पोरीला त्याचंच वेड लागलं. हे तुला कुणी सांगितलं नसेल, मी सांगते.

आता हे पत्र आजच का, ते. उद्या सकाळी मी त्रिवेणीला जुबली बसस्टँडवर बोधनच्या गाडीत बसवते आहे. रविवारची परीक्षा ती देणार नाही, मीच नको म्हटलं. मुद्दाम चुकीची उत्तरं लिहिण्यात तिचं डोकं आणखी एक दिवस मी वाया जाऊ देणार नाही. हे पत्र तिनंच तुझ्या हातात दिलं असेल. पाकीट चिकटवलेलं नाही, कारण आपली जोडाक्षरं वाचायला तिला बोधन यावं लागेल, आणि यात काय आहे ते तिनं मला विचारलंही नाही. तू हे वाचतोयस तेव्हा ती बाहेर दुकानात, तुझ्या खुर्चीपासून लांब, भिंतीला टेकून उभी असेल आणि आत डोकावून तुझा चेहरा कसा होतोय ते बघायची तिची हिंमत नसेल. तिला लगेच काही बोलू नकोस, आधी पाणी दे. मग अंबाजीला म्हणावं, थोडा वेळ हातोडी ठेव. आप्पा गेले तेव्हा आईनं तुला एक शब्द विचारायला हवा होता, तो कुणी विचारला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तो तू तुझ्या पोरीला विचार. तुला काय पाहिजे, एवढाच प्रश्न. तिला उत्तर येतं, दादा, तिला सगळीच येत होती. फक्त या वेळी पर्याय देऊ नकोस.

तुझ्यामुळं सुटलेली, तुझीच,
भागू